एक कप मैद्याचा पंचनामा

वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरच्यांचं काय होतं, हे ज्याला पाहायचं असेल त्याने काटेसाहेबांच्या घरी आठ दिवस राहावं. काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना ते बहाल केलं होतं, आणि बहाल करताना कुणाच्याही मनात माया नव्हती. साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदार तराजूची पारडी पुसायला घेत. ज्यांना पुसूनही उपयोग नव्हता ते सरळ फळ्या लावून जेवायला जात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात.

साहेब प्रामाणिक होते, यात वाद नाही. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. पण प्रामाणिक माणसाला एक खोड लागते. आपण खात नाही म्हटल्यावर आपलं चुकतही नाही, असं त्याला हळूहळू वाटायला लागतं. साहेबांना ते फार लवकर वाटायला लागलं होतं.

निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यात त्यांनी दूध मोजून घेतलं, दुसऱ्या महिन्यात साबणाची वडी तोलली, तिसऱ्या महिन्यात गॅसचा सिलिंडर. दूधवाला पलीकडच्या गल्लीने जाऊ लागला. वर्षभरात घरात मोजण्यासारखं काही उरलं नाही आणि मग खरी गोष्ट साहेबांच्या ध्यानात आली. या घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. भाजी कुठली आणायची ते बायको ठरवी, विजेचं बिल सूनबाई फोनवरून भरी, आणि दुसऱ्या गावी नोकरीला असलेला मुलगा "बाबा बरे आहेत ना?" असं विचारायचा तेही आईला. साहेबांना हे फार लागायचं. पण लागतंय असं सांगायला तरी कुणी विचारायला हवं ना!

बायकोचं तसं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिची बेकरी होती. बेकरी म्हणजे एक ओव्हन, एक लांब टेबल, दोन कपाटं आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. गल्ली तिला केकवाल्या मावशी म्हणायची. रोज सकाळी चाळीस छोटे केक इस्पितळाच्या कॅन्टीनला जायचे, चहाबरोबर. गेली आठ वर्षं एक दिवस खाडा नाही. बेकरी तगून होती ती या चाळीस केकांवर. खिडकीतून जे विकलं जाई त्यात ओव्हन तापवण्यापुरतंही सुटलं नसतं.

आणि एका गुरुवारी मावशी न्हाणीघरात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर. कॅन्टीनप्रमुख भेटायला आला, चार शब्द धीराचे बोलला आणि जाता जाता म्हणाला, "मावशी, पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. त्या दिवशी माल आला तर उत्तम. नाही आला तर पाकिटातले केक मागवावे लागतील, आणि एकदा ते सुरू झाले की मला पुन्हा बदलता यायचं नाही."

सूनबाईने कंबर कसली. ती नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत होती. मिलिमीटरचा अर्धा भाग इकडेतिकडे झाला तर तिला झोप लागत नसे. आठ दिवसांची रजा काढून ती पुढच्या खोलीत उभी राहिली.

"आई, चाळीस केकांना मैदा किती?"

"सहा कप."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"ते कुणाला ठाऊक? सहा कप म्हणजे सहा कप."

सूनबाईने कान तुटलेला चिनीमातीचा कप उचलला. "हाच ना? आणि भरायचा कसा?"

"पडू द्यायचा."

"पडू द्यायचा म्हणजे?"

"म्हणजे कोंबायचा नाही गं. आधी चमच्याने मैदा हलका करायचा, मग वरून कपात पडू द्यायचा. हाताला बरोबर कळतं."

"तुमच्या हाताला कळतं. माझ्या हाताला नाही कळत. मला आकडा हवा."

बाहेर साहेब वर्तमानपत्र वाचत होते. आकडा हा शब्द कानावर पडताच त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. कपाचं वजनात रूपांतर! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत झाली. निरोपसमारंभात मिळालेला छोटा तराजू आणि पितळी वजनांची पेटी घेऊन ते आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो त्यांनी मधल्या दोन मिनिटांत कधी चढवला, हे कुणालाच कळलं नाही.

"बाजूला व्हा दोघी," ते म्हणाले. "हे शास्त्राचं काम आहे."

सूनबाईने फोनवर शोधलेलं तोवर हाती आलं होतं. एक ठिकाण म्हणत होतं एक कप मैदा म्हणजे एकशे वीस ग्रॅम, दुसरं एकशे पंचवीस, तिसरं एकशे चाळीस.

"एका कपाचे तीन आकडे?" साहेब कडाडले. "एवढे तर माझ्या हद्दीतल्या सगळ्यात लबाड वाण्याकडेही नव्हते! बंद कर तो फोन."

त्यांनी एक नवी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, वेळ, उपस्थितांची नावं आणि जप्त वस्तूचं वर्णन लिहिलं: चिनीमातीचा कप, एक, पांढरा, कान तुटलेला. मग कपाचं पाणी मोजलं. दोनशे पंचवीस मिलिलिटर. मग कप पुसून, वाळवून, त्यात मैदा भरला आणि टेबलावर तीनदा आपटला. ठक, ठक, ठक. मैदा बोटभर खाली बसला. साहेबांनी वर आणखी घातला, पुन्हा तीनदा आपटला आणि पट्टीने कड सपाट केली.

"अहो, आपटू नका," मावशी म्हणाल्या. "आपटलं की मैदा बसतो. मग तो कप राहत नाही, दीड कप होतो."

"तू मध्ये बोलू नकोस. पोकळ भरलेलं माप हे माप नसतंच. बत्तीस वर्षं आपटूनच बघितलंय मी. निम्मा बाजार त्यातच सापडायचा."

आणि त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात नोंद केली: 'मालकीणबाईंचे म्हणणे, माप आपटू नये. निर्णय: फेटाळले.'

मावशींनी प्लास्टरचा हात मांडीवर सरकवला. पालथ्या घड्यावर पाणी ओतून काही होत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत तक्ता तयार झाला. मैदा, एक कप, एकशे बावन्न ग्रॅम. साखर, एक कप, दोनशे. दूध, लोणी, बेकिंग पावडरचा सपाट चमचा, सगळं आलं. साखर आपटून फारशी खाली बसत नाही, म्हणून साहेबांनी तिच्या सचोटीबद्दल दोन चांगले शब्द लिहिले. दूध तर आपटताच येत नव्हतं. तक्त्याखाली त्यांनी सही केली आणि तो ओव्हनशेजारी भिंतीवर डकवला. सूनबाई म्हणाली, "बाबा, किती व्यवस्थित केलंत!" त्या एका वाक्यावर साहेब रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

बुधवारी सकाळी दहा केकांचा पहिला घाणा निघाला. केक फुगले नव्हते. वरून तडकले होते आणि आतून इतके घट्ट होते की एक खाली पडला तर फरशीकडे आधी बघावंसं वाटलं. सूनबाईने एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ काही बोललीच नाही, कारण बोलण्याची सोय राहिली नव्हती.

"ओव्हन," साहेब म्हणाले.

नाचता येईना तर अंगण वाकडं असतं. साहेबांचं अंगण चौरस फूट-दीड फुटाचं होतं आणि त्याला दार होतं. थर्मामीटर आणवला. ओव्हन एका अंशानेही खोटं बोलत नव्हता. दुपारचा दुसरा घाणाही तसाच निघाला.

"अंडी," साहेब म्हणाले. गुरुवारी प्रत्येक अंडं तोललं गेलं. अंड्यांच्या आकारात फरक असतो ही गोष्ट त्यांना वैयक्तिक अपमानासारखी लागली. मोठी-छोटी जुळवून बरोबर वजन केलं, केक पुन्हा घट्ट. शुक्रवारी बेकिंग पावडरवर संशय गेला, नवा डबा आला. केक घट्टच. गल्लीतलं कुत्रं रोज खिडकीखाली येऊन बसायचं, तेही शुक्रवारी तुकडा हुंगून निघून गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं काम तीन दिवस चाललं होतं आणि दरम्यान चोर भिंतीवर सहीनिशी डकवलेला होता.

शनिवारी सकाळी सूनबाई स्टुलावर बसून रडली. फार नाही, थोडंसं. "आई, मला नाही जमणार. सोमवारला उरलाय एकच दिवस. मी कॅन्टीनला फोन करून सांगते, पाकिटातले मागवा म्हणून."

मावशींनी फक्त ओव्हनकडे पाहिलं. साहेबांनी ते पाहणं पाहिलं. ही खोली बंद झाली तर बायको कुठे बसेल, याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. घरातलं सगळं तिच्याभोवती फिरत होतं आणि ती या टेबलाभोवती. आणि हे टेबल आपल्या तक्त्याने बंद पडणार, हा विचार मनात आला तसा त्यांनी तो झटकला. मग तो पुन्हा आला.

"तू भर," ते अचानक बायकोला म्हणाले.

"मी? या हाताने?"

"डाव्या हाताने भर. मला बघायचंय."

मावशी उठल्या. डाव्या हातात चमचा घेतला, पिंपातला मैदा दोनदा-तीनदा खालून वर केला, चमच्याने उचलून कपावर नेला आणि नुसता कलता केला. मैदा पडला. आणखी एक, आणखी एक. मग सुरीच्या पाठीने वरचा डोंगर अलगद सरकवला. कप त्यांनी टेबलाला टेकवलासुद्धा जपून.

"हे तर उघड उघड कमी माप!" साहेबांच्या तोंडून गेलंच.

"तोला तरी."

एकशे चौदा ग्रॅम.

"पुन्हा भर."

एकशे पंधरा. पुन्हा. एकशे चौदा. आणखी दोनदा, तेच. सवयीचा नसलेला हात, डावा, आणि पाच कपांत फरक एका ग्रॅमचा. सूनबाई डोळे पुसून जवळ आली. "बाबा, आता तुम्ही भरा," ती म्हणाली. साहेबांनी पाच वेळा शास्त्रशुद्ध आपटून भरलं. एकशे बावन्न, एकशे एकोणपन्नास, एकशे पंचावन्न, एकशे पन्नास, एकशे त्रेपन्न.

सूनबाईने बोटांवर हिशेब केला. "सहा कपांना सव्वादोनशे ग्रॅम मैदा जास्त जातोय. केक कसा फुगेल?" आणि मग, तिला राहवलं नाही म्हणून, "बाबा, आईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमच्या वहीत आहे."

वहीत होतं. सुवाच्य अक्षरात.

साहेबांनी ती नोंद पुन्हा वाचली. त्यांच्या डोळ्यांपुढे बायको नव्हती. बाजाराच्या टोकाला पोतं पसरून मापाने पीठ विकणारी एक बाई होती. दरवर्षी ते तिचं माप तीनदा आपटायचे, पीठ खाली बसायचं आणि ते ओरडायचे, "बघ, किती कमी!" ती हात जोडून म्हणायची, "साहेब, पीठ आहे ते. आपटलं की बसणारच की." तिसऱ्या वर्षी त्यांनी तिचं माप जप्त केलं. चौथ्या वर्षी ती दिसली नाही, आणि तेव्हा त्यांना वाटलं होतं, चला, एक चोर कमी झाला. आता त्यांना लाज वाटली.

त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला आणि नवा लिहिला. मैदा, एक कप, एकशे चौदा ग्रॅम. पुढे 'न आपटता' हे दोन शब्द लिहायला त्यांना जितका वेळ लागला तेवढ्या वेळात त्यांनी पूर्वी अख्ख्या बाजाराच्या नोटिसा लिहिल्या असत्या. सही केली नाही. मावशी म्हणाल्या, "करा की, केलंय तुम्हीच." तरी केली नाही.

रविवारचा घाणा फुगला. सूनबाईने केक मधोमध मोडला, आत बारीक जाळी पडली होती. ती एवढी मोठ्याने ओरडली की शेजारीण खिडकीत आली, आणि आलीच आहे म्हणून दोन खाऊन गेली.

सोमवारी चाळीस केक तयार झाले. प्रत्येक साठ ग्रॅम, एकूण दोन किलो चारशे, कारण कॅन्टीन माल वजनावर घेई. साहेबांनी घरच्या तराजूवर दोनदा खात्री केली होती. इतकी वर्षं माल मावशी स्वतः पोचवत. साहेब कधी गेले नव्हते, कारण बायकोच्या मालाच्या वजनाशी आपला संबंध येऊ नये हे त्यांचं तत्त्व. आज मात्र सूनबाईला कचेरी गाठायची होती आणि मावशींना खोका उचलवत नव्हता.

निघताना मावशींनी कागदात गुंडाळलेले आणखी दोन केक त्यांच्या पिशवीत टाकले.

"हे कशाला?"

"असू द्या. तिथे लागतात."

पहारेकऱ्याला देत असेल, असं साहेबांना वाटलं आणि ते मनातल्या मनात थोडे रागावलेही.

कॅन्टीनच्या मागच्या दारात एका टेबलावर तबकडीचा मोठा काटा होता. साहेबांची नजर सवयीने आधी तिकडेच गेली. काटा रिकामा होता आणि सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या दोन रेघा अलीकडे, शंभर ग्रॅम मागे, आरामात टेकून उभी होती.

कॅन्टीनप्रमुखाने खोका वर ठेवला. "काका, दोन तीनशे भरतायत. शंभर कमी."

"सुई बघा ना तुमची. रिकामी असताना शून्यावर नाही."

"असं सगळेच म्हणतात," कॅन्टीनप्रमुख हसून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, घाईत होता. "भाजीवाला म्हणतो, पाववाला म्हणतो. आम्ही ऐकत बसलो तर रोग्यांनी खायचं काय? सरकारी शिक्क्याचा काटा आहे हा. या, खाली बघा."

साहेब वाकले. काट्याच्या पायाशी शिशाचा गोल शिक्का होता आणि त्यावर चार वर्षांपूर्वीचं साल. खाली निरीक्षकाचा क्रमांक. चोवीस.

चोवीस म्हणजे ते स्वतः.

त्यांना तो दिवस आठवला. एका दुपारी इस्पितळातले अकरा काटे उरकायचे होते. त्या दिवशी त्यांनी इथला चहा घेतला नव्हता, तत्त्व म्हणून. आणि शेवटचे तीन काटे तपासले नव्हते, वेळ नव्हता म्हणून. नुसते शिक्के मारले होते.

"फार कडक माणूस होता म्हणे तो," कॅन्टीनप्रमुख सांगत होता. "त्याने शिक्का मारला म्हणजे काटा चुकायचा नाही. काय करू, घेऊ की परत नेता?"

साहेबांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. कलमं, नियम, फेरतपासणीची मुदत, सगळं तोंडपाठ होतं. आणि हे सगळं ज्याच्याविरुद्ध सांगायचं तो माणूस तेच होते. त्यांनी पिशवीतून कागदाचा पुडा काढला, सोडला आणि दोन केक मुकाट्याने खोक्यावर ठेवले. सुई दोन चारशेच्या पुढे गेली.

"बघा, भरलं ना?" कॅन्टीनप्रमुख म्हणाला. "उद्यापासून याच वेळेला या."

घरी आल्यावर साहेब चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहिले.

"घेतले?" मावशींनी विचारलं.

"घेतले. ऑर्डर राहिली." मग चपला काढता काढता, "रोज दोन जास्त देतेस तू?"

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही शिक्का मारून आलात तेव्हापासून."

"मग मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, शिक्क्याचा काटा चुकत नसतो, तुझेच केक हलके असतील. आणि तिथे तरी मी काय सांगणार होते? ज्याने शिक्का मारला तो माझा नवरा, आणि त्याचं चुकलं असं म्हणू मी?"

साहेब टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला आणि आपल्या जुन्या कचेरीला अर्ज लिहिला: इस्पितळाच्या कॅन्टीनमधील काटा शंभर ग्रॅम कमी दाखवतो, सबब तो ताबडतोब तपासावा, शिक्का मारताना निरीक्षक क्रमांक चोवीस यांनी काटा तपासला नव्हता, याची खात्रीशीर माहिती अर्जदारास आहे. या वेळी त्यांनी सही केली, पूर्ण नावाची.

मावशींनी अर्ज वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि जपून घडी घालून त्यांच्या हातात दिला. "पोस्टात टाकून या. येताना मैदा आणा," त्या म्हणाल्या.

कचेरीतून माणूस यायला तीन महिने लागतात, हे साहेबांपेक्षा जास्त कुणाला माहीत? तोवर रोज सकाळी खोक्यात बेचाळीस केक जायचे, आणि ते साहेब स्वतः मोजून भरायचे.